प्रवेशाच्या अटी आणि प्राध्यापकाचा प्रश्न

दरवर्षी देशातील तंत्रविद्येच्या मोठ्या संस्थांकडून पीएचडीच्या प्रवेशाची निवेदने प्रसिद्ध होतात, आणि ती ज्याने दोनचार वेळा बारकाईने वाचली असतील त्याला त्यांचा मजकूर तोंडपाठ होऊन जातो. पदवी परीक्षेत किती टक्के गुण हवेत, गेट परीक्षेचा गुणांक कोणत्या वर्षापासूनचा ग्राह्य धरला जाईल, जातीचा व उत्पन्नाचा दाखला कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचा लागेल, नोकरीत असलेल्या उमेदवाराने ना-हरकत पत्र कोणत्या नमुन्यात आणावे, शुल्क किती आणि ते कोणत्या मुदतीत भरावे, या सर्वांची तरतूद त्यांत अतिशय काळजीपूर्वक केलेली असते. परंतु ज्या विद्येच्या एखाद्या कोपऱ्यात त्या तरुणाने आपल्या आयुष्याची पुढील पाच वर्षे घालवायची आहेत, तेथे नेमका कोणता प्रश्न अनुत्तरित आहे, तो कोणाला पडला आहे आणि तो सोडवण्यासाठी कसल्या तयारीचा माणूस हवा आहे, याविषयी त्या निवेदनात बहुधा एक ओळही नसते. विभागाचे नाव, उपशाखांची यादी आणि अध्यापकांची नामावली एवढ्यावर काम भागवलेले असते.

विमान व अंतराळ अभियांत्रिकीच्या बाबतीत ही उणीव मला विशेष गंभीर वाटते, आणि म्हणून या लेखात मी एकच मागणी मांडणार आहे. पीएचडीसाठी विद्यार्थी घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने आपला संशोधनाचा प्रश्न, आपली साधने, आपल्या अपेक्षा आणि आपल्या अडचणी स्वतःच्या सहीने आधी जाहीर कराव्यात, आणि उमेदवाराची पारख त्या जाहीर मजकुराला धरून व्हावी. गुणांची अट राहू द्यावी. मात्र ती किमान पात्रतेपुरतीच मानावी.

ही विद्या बाहेरून पाहणाऱ्याला एकसंध दिसते, कारण तिचे नाव एक, पदवी एक आणि गेटची प्रश्नपत्रिकाही एकच. आत शिरल्यावर तिचे चार मोठे भाग पडतात: वायुगतिकी, प्रणोदन, संरचना, आणि उड्डाणयांत्रिकी व नियंत्रण, आणि या प्रत्येक भागात पुन्हा कोणी कागदावर समीकरणे मांडतो, कोणी संगणकावर प्रवाहांची गणिते चालवतो, तर कोणी प्रयोगशाळेत यंत्रे उभी करून मोजमापे घेतो. ध्वनीच्या कितीतरी पट वेगाच्या प्रवाहाचा अभ्यास ज्या शॉक टनेलमध्ये चालतो तेथे एका प्रयोगाचा प्रत्यक्ष काळ अवघ्या काही सहस्रांश सेकंदांचा असतो, आणि त्या निमिषासाठी नळीतील पडदा बसवणे, वायू भरणे, दाबमापक तपासणे यांत माणसाचा अख्खा दिवस जातो. विमानाच्या पंखात वापरायच्या पदार्थाची थकव्याची चाचणी घेणाऱ्याला तोच भार लाखो वेळा देत, भेग केव्हा व कशी वाढते याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. संगणकीय प्रवाहशास्त्राचा विद्यार्थी आपण आखलेली जाळी पुरेशी बारीक आहे की नाही आणि आलेले उत्तर निसर्गाचे आहे की आपल्याच गणनपद्धतीच्या दोषाचे, या विवंचनेत महिने घालवतो. नियंत्रणशास्त्राचा अभ्यासक कदाचित सबंध पाच वर्षांत विमानाच्या पत्र्याला हातही लावणार नाही. या चौघांच्या हाती अखेर जे प्रमाणपत्र पडते त्यावरील शब्द सारखेच असतात, पण त्यांना लागणारे गणित वेगळे, हातांचे कौशल्य वेगळे आणि स्वभावही वेगळा. आणि यांतील कोणते जीवन आपल्या वाट्याला येणार आहे हे पुष्कळ विद्यार्थ्यांना प्रवेश होऊन गेल्यावर कळते.

या शास्त्राचा आधुनिक इतिहास ज्या गुरुपरंपरेपासून सुरू होतो तिच्याकडे पाहिले म्हणजे प्रश्नाला किती महत्त्व आहे हे ध्यानात येते. लुडविग प्रांटल यांनी म्युनिक येथे डॉक्टरेट मिळवली ती तुळईच्या आडव्या लवण्यावर प्रबंध लिहून, म्हणजे घनपदार्थांच्या यांत्रिकीत. प्रवाहांशी त्यांचा संबंध आला तो त्यानंतर न्यूरेंबर्गच्या एका यंत्रकारखान्यात अभियंता म्हणून काम करताना. कारखान्यातील चुरा शोषून नेणारी नळ्यांची योजना सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि तेव्हा त्यांच्या असे लक्षात आले की रुंदावत जाणाऱ्या नळीत दाब सिद्धांताप्रमाणे जितका वाढायला हवा तितका वाढत नाही. प्रवाह भिंतीला धरून न राहता मध्येच तिच्यापासून सुटतो. कारखान्याचे काम त्यांनी पार पाडले, पण प्रवाह भिंतीपासून का सुटतो हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. 1904 च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी जो छोटा निबंध वाचला त्यात या प्रश्नाचे उत्तर होते: हवेची वा पाण्याची चिकटी कितीही अल्प असली तरी पृष्ठभागालगतच्या अतिशय पातळ थरात तिचाच अंमल चालतो, आणि तो थर वाढत्या दाबापुढे टिकेनासा झाला म्हणजे प्रवाह सुटतो. या पातळ थरालाच पुढे सीमास्तर हे नाव रूढ झाले. विमानाच्या पंखाला होणारा घर्षणाचा विरोध मोजण्याची, आणि पंख एका मर्यादेपलीकडे उचलला असता त्याची उचल एकाएकी का ढासळते हे सांगण्याची किल्ली शास्त्रज्ञांना या कल्पनेने मिळाली.

त्याच वर्षी प्रांटल ग्यॉटिंगेनला गेले आणि तेथे त्यांनी विद्यार्थी घडवण्यास आरंभ केला. हाइनरिख ब्लासिउस या विद्यार्थ्याने सपाट पट्टीवरील सीमास्तराचे समीकरण सोडवले, आणि त्याचे ते उत्तर जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आजही शिकवले जाते. पण प्रवेशाच्या प्रश्नाचा विचार करताना मला ब्लासिउसपेक्षा कार्ल हीमेन्झ याची आठवण अधिक मोलाची वाटते. प्रांटल यांनी त्याला पाण्याचा एक पाट बांधून त्यात उभ्या केलेल्या दंडगोलावरून प्रवाह कोठे सुटतो हे मोजण्यास सांगितले होते. मोजमाप घेण्यासाठी प्रवाह स्थिर हवा. आणि हीमेन्झच्या पाटात तो काही केल्या स्थिर राहीना, दंडगोलाच्या मागे पाणी सारखे डावी-उजवीकडे हेलकावत राही. दंडगोल पुरेसा गोल नसावा असे गुरूंनी सुचवले, तेव्हा त्याने तो पुन्हा काळजीपूर्वक घासून तयार केला. पाट दोन्ही बाजूंनी सारखा नसावा असे म्हटले गेले, तेव्हा त्याने पाटही दुरुस्त केला. तरी हेलकावे थांबले नाहीत. त्याच संस्थेत त्या वेळी तरुण साहाय्यक असलेले थिओडोर फॉन कारमान रोज सकाळी जाताना त्याला विचारीत, प्रवाह स्थिर झाला काय? आणि तो खिन्नपणे सांगे, अजून नाही. ज्या अर्थी इतके करूनही प्रवाह हेलकावतोच आहे त्या अर्थी त्याला काही नैसर्गिक कारण असले पाहिजे, असा विचार करून कारमान यांनी गणित मांडले आणि दंडगोलामागे आळीपाळीने सुटणाऱ्या भोवऱ्यांच्या दोन रांगांचा सिद्धांत 1911 साली प्रसिद्ध झाला. उंच धुराडी, दूरध्वनीच्या तारा, झुलते पूल आणि पाणबुडीची नळी वाऱ्यात वा पाण्यात का थरथरतात हे आज आपण त्या सिद्धांताच्या आधाराने सांगतो. इकडे हीमेन्झने आपला प्रबंध पुरा केला, आणि पृष्ठभागावर येऊन आदळणाऱ्या प्रवाहाचे त्याने काढलेले उत्तर आजतागायत त्याच्याच नावाने ओळखले जाते.

मी ही कथा विस्ताराने सांगितली याचे कारण असे की पीएचडीच्या विद्यार्थ्यात खरोखर काय असावे लागते हे तिच्यात स्वच्छ दिसते. आपल्या निरीक्षणाशी प्रामाणिक राहणे, गुरूने शंका घेतली तर उपकरण पुन्हा तपासणे, आणि तरीही तेच दिसत असेल तर गुरूला तेच पुन्हा सांगणे: या तीन गोष्टी कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदल्या जात नाहीत. त्या एखाद्या अडलेल्या कामाजवळ माणसाला काही काळ बसवल्याशिवाय कळतही नाहीत. हीमेन्झने गुरूला खूश करण्यासाठी एखादा दिवस प्रवाह स्थिर झाल्याचे सांगितले असते, तर पुढील सारेच खुंटले असते.

या गुरुकुलात आपल्यापैकीही एक जण होते आणि मराठी वाचकाला त्यांचे नाव ठाऊक असायला हवे. विष्णु माधव घाटगे यांनी 1930 च्या दशकात ग्यॉटिंगेन येथे प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट संपादन केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने 1940 च्या डिसेंबरात बंगळुरूला विमानाचा कारखाना उभारला, त्या कारखान्यात घाटगे दाखल झाले. आणि 1942 साली तेथील भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याच्या उभारणीत व अध्यापनात त्यांचा मोठा वाटा होता. भारतात अभिकल्पित झालेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 च्या ऑगस्टात आकाशात गेले, ते त्यांच्या नेतृत्वाखाली. पुढे पुष्पक, कृषक आणि किरण ही विमानेही त्याच परंपरेतून निघाली. सीमास्तराचे गणित ज्याने त्याच्या जनकाकडून शिकून घेतले, त्यानेच इकडे येऊन वैमानिक शिकवण्याचे साधे, भरवशाचे विमान घडवावे, यात मला विद्येचे सार्थक दिसते.

ज्या वर्षी ते विमान उडाले त्याच वर्षी सतीश धवन कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पीएचडी होऊन बंगळुरूला आले. त्यांची पूर्वतयारी आजच्या छाननी समितीपुढे ठेवली तर काय होईल याची मला काळजी वाटते: लाहोरला गणित व भौतिकी या विषयांत पदवी, त्यानंतर इंग्रजी साहित्यात एम. ए., त्यानंतर यंत्र अभियांत्रिकीची पदवी, आणि मग अमेरिकेत विमानविद्या. हान्स लीपमान यांच्या हाताखाली त्यांनी निवडलेला प्रश्न वरकरणी अगदी लहान होता. हवा पृष्ठभागाला जे घर्षण लावते ते तोवर बहुतांशी इतर मापनांवरून हिशेबाने काढले जाई. धवन यांनी पृष्ठभागाचाच एक छोटा तुकडा मोकळा सोडून, त्यावर येणारा स्पर्शरेषेतील अत्यल्प जोर सरळ मोजण्याचे उपकरण तयार केले, आणि ध्वनीपेक्षा मंद व शीघ्र अशा दोन्ही प्रवाहांत ते वापरून दाखवले. त्या तुकड्याच्या कडेची फट केवढी ठेवावी, तापमान बदलले तर उपकरण किती फसवील, यांचा जो कस त्या कामात लागला तोच पुढे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षिला. बंगळुरूला त्यांनी साधनांच्या टंचाईतही विंड टनेल उभारली. आणि रोद्दम नरसिंह या तरुणासह सीमास्तर शांत अवस्थेतून प्रक्षुब्ध अवस्थेत कसा जातो यावर केलेला त्यांचा अभ्यास 1958 साली प्रसिद्ध झाला, तो त्या क्षेत्रात आजही आधारभूत मानतात. नरसिंहांनीही पुढे त्याच लीपमान यांच्याकडे पीएचडी केली आणि परत येऊन बंगळुरूला कित्येक पिढ्यांना शिकवले. धवन यांनी इस्रोची धुरा वाहिली हे सर्वांना माहीत असते, पण त्या कर्तृत्वाच्या मुळाशी ते हाताने बनवलेले घर्षणमापक आहे याची आठवण सहसा कोणी करीत नाही.

नियमांनी योग्य माणसाला बाहेर ठेवल्याची उदाहरणेही याच परंपरेत आहेत. इर्मगार्ड फ्ल्यूगे-लोट्झ या विदुषीने 1929 साली हॅनोव्हरला डॉक्टरेट घेतली आणि ग्यॉटिंगेनला येऊन पंखावरील उचल कशी विभागली जाते याच्या प्रांटलप्रणीत समीकरणाची अशी सोडवणूक दिली की व्यवसायातील अभियंत्यांना ती सहज वापरता यावी. महायुद्धानंतर पतीसह त्या स्टॅनफर्डला गेल्या, तेव्हा पती-पत्नींना एकाच विभागात प्राध्यापकपद न देण्याचा तेथे दंडक असल्यामुळे त्यांना व्याख्यात्याच्या पदावर राहावे लागले. त्या काळात त्यांनी पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले, नवे अभ्यासक्रम आखले, स्वयंचलित नियंत्रणावर ग्रंथ लिहिला, आणि सुमारे बारा वर्षांनी त्यांना प्राध्यापकपद मिळाले; स्टॅनफर्डच्या अभियांत्रिकी शाखेतील त्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक. त्या बारा वर्षांत त्यांच्या विद्वत्तेत काही न्यून नव्हते. न्यून होते ते नियमात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी संशोधक स्त्रीला 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपनाची रजा दिली, हे मी त्या नियमावलीतील सर्वांत शहाणपणाचे कलम समजतो.

आता गुणांच्या अटीविषयी. ती रद्द करावी असे म्हणणारे लोक आहेत, आणि मी त्यांच्यात नाही. गेटची प्रश्नपत्रिका तीन तासांची, पासष्ट प्रश्नांची आणि शंभर गुणांची असते व तिचा गुणांक तीन वर्षे चालतो. या परीक्षेचा सर्वांत मोठा गुण असा की ती अर्जदाराचा बाप कोण, महाविद्यालय कोणते आणि शिफारस कोणाची हे विचारीत नाही. धुळ्याच्या वा परभणीच्या एखाद्या अल्पख्यात महाविद्यालयातून शिकलेल्या मुलीला मुंबईच्या वा बंगळुरूच्या संस्थेचे दार जर कशाने उघडत असेल तर ते याच परीक्षेने. अमेरिकेतील विद्यापीठे तीन शिफारसपत्रे मागतात, आणि तेथील कित्येक विभागांनी अलीकडे जीआरईची सक्ती काढून टाकल्यापासून त्या पत्रांचे वजन आणखी वाढले आहे. ज्याच्या प्राध्यापकांना परदेशात कोणी ओळखत नाही अशा विद्यार्थ्यावर यात अन्याय होतो, हे आपण विसरता कामा नये. परंतु तीन तासांत पासष्ट ज्ञात उत्तरे शोधण्याची चपळाई आणि एका अज्ञात उत्तरामागे पाच वर्षे राहण्याची चिकाटी हे दोन निरनिराळे गुण आहेत. पहिला असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही, आणि नेमकी हीच गल्लत आपल्या निवडीत होते. आयोगाच्या नियमांत लेखी परीक्षेला सत्तर आणि मुलाखतीला तीस टक्के भार ठरवला गेला, तो पक्षपातास आळा घालण्याच्या चांगल्या हेतूने. पण ज्या मुलाखतीत उमेदवाराला पंधरावीस मिनिटे पाठ्यपुस्तकातलेच प्रश्न पुन्हा विचारले जातात ती मुलाखत म्हणजे त्याच परीक्षेची तोंडी आवृत्ती होय, आणि ते तीस टक्के वाया जातात.

प्राध्यापकाने जाहीर करायच्या मजकुरात काय असावे? पहिली गोष्ट अर्थातच त्याचा प्रश्न, साध्या भाषेत, एखाद्या हुशार पदवीधराला समजेल असा. त्यानंतर पूर्वतयारी: आंशिक विकलन समीकरणे यायला हवीत काय, प्रोग्राम लिहिण्याचा सराव किती हवा, लेथवर वा इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडणीत हात बसलेला असावा काय, आणि यांतले काय येथे येऊन शिकता येईल. प्रयोगशाळेची खरी स्थिती सांगावी. विंड टनेल चालू आहे की दुरुस्तीला आहे, उपकरणाची मागणी मंजूर झाली आहे की तिची फाईल खरेदी विभागाच्या दप्तरात आहे, हे विद्यार्थ्याला आधी कळणे हा त्याचा हक्क आहे. पूर्वीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, ते आज कोठे आहेत आणि किती जणांनी काम अर्ध्यावर सोडले, हेही लिहावे. शेवटची बाब लिहिताना हात अडखळेल याची मला कल्पना आहे, पण ज्याला आपल्या कामाविषयी भरवसा आहे त्याने ती झाकू नये.

आणखी एक गोष्ट या विद्येत इतर कोणत्याही विद्येपेक्षा अधिक तातडीची आहे, ती म्हणजे गोपनीयता. विमान व क्षेपणास्त्र यांचे प्रणोदन, उष्णतारोधक आवरण, दिशादर्शन हे विषय राष्ट्राच्या संरक्षणाशी निगडित आहेत, आणि अशा विषयांवरील प्रकल्पाला पैसा बहुधा संरक्षण खात्याच्या संस्थांकडून येतो. राष्ट्राला गुपिते ठेवावी लागतात याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्याच्या कामाचा काही भाग प्रसिद्ध करता येणार नाही त्या विद्यार्थ्याला ही गोष्ट प्रवेशापूर्वी लेखी सांगितली पाहिजे, कारण पुढे नोकरीसाठी वा परदेशी संशोधनासाठी अर्ज करताना त्याला आपले काम दाखवता येणार नाही, आणि ज्याचे काम कोणी वाचू शकत नाही त्याची योग्यता ठरवायला जगाजवळ दुसरे साधन नसते. अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या मुलांनाही हीच सूचना लागू आहे. तेथे संरक्षणविषयक तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारे कायदे आहेत, आणि त्यांच्या कक्षेत येणाऱ्या प्रकल्पांवर परदेशी नागरिकाला बहुधा काम करता येत नाही. मग रॉकेटच्या इंजिनाचे स्वप्न घेऊन गेलेला विद्यार्थी दुसऱ्याच कुठल्या तरी विषयाकडे वळवला जातो. ज्या प्राध्यापकाच्या निवेदनात नागरिकत्वाची अट स्पष्ट लिहिलेली असते तो कठोर वाटेल, पण त्याने विद्यार्थ्याची दोन वर्षे वाचवलेली असतात.

पैशाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात मतभेदाला फारशी जागा नाही. 2023 च्या जानेवारीपासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर 42,000 रुपये अशी आहे. 2018 साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीत आरंभीच 70,000 रुपये ठरवण्यात आले, परंतु ती फार थोड्यांना मिळते. ज्या वयात बरोबरीचे अभियंते घरी पैसे पाठवू लागतात त्या वयात हा विद्यार्थी घरच्यांना आणखी पाच वर्षे थांबायला सांगतो. तेव्हा ही रक्कम कोणत्या खात्यातून येणार, किती वर्षांपुरती मंजूर आहे आणि प्रकल्प मध्येच संपला तर काय तजवीज आहे, एवढे तरी त्याला आगाऊ कळावे.

निवडीच्या पद्धतीत मी एकच बदल सुचवीन. किमान गुणांच्या अटीतून पार पडलेल्यांपैकी थोड्यांना प्राध्यापकाने आपल्या विषयावरील एक निबंध वाचायला द्यावा आणि आठवड्यानंतर त्यावर बोलावे. त्यातूनही जे उरतील त्यांना काही आठवडे प्रयोगशाळेत, प्रवासखर्च व विद्यावेतन देऊन, एखाद्या चालू कामावर बसवावे. विद्यावेतनाची अट मी आग्रहाने घालतो, कारण ते नसेल तर ही संधी फक्त शहरातल्या सुस्थितांची होईल. आणि पारख करणारा एकटा मार्गदर्शक नसावा. विभागातील दुसऱ्या एका अध्यापकाने त्या कामाकडे स्वतंत्रपणे पाहावे आणि दोघांनी आपापले मत कारणांसह लिहून ठेवावे, म्हणजे मर्जी आणि वशिला यांना वाव राहणार नाही. निरीक्षण जुळले नाही तेव्हा मुलाने काय केले, चूक सापडल्यावर ती सांगितली की दडवली, हे त्या काही आठवड्यांत नक्की कळते.

यावर असे म्हटले जाईल की प्राध्यापकाच्या मागे आधीच अध्यापन, परीक्षा, समित्या, प्रकल्पांचे अहवाल यांचा ससेमिरा आहे, त्यात हे नवे काम कशाला? आयोगाच्या नियमांप्रमाणे विद्यापीठातील प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, आणि प्रत्येक विद्यार्थी सहा वर्षांपर्यंत त्या जागेवर राहू शकतो. चुकीच्या निवडीने अडलेली एक जागा म्हणजे योग्य अशा दुसऱ्या कोणाला तरी सहा वर्षे नाकारलेला प्रवेश. निवडीवर खर्च केलेले काही आठवडे त्यापुढे फार नाहीत. संशोधनाचा प्रश्न बदलत असतो, तो लिहून कसा द्यायचा, असाही आक्षेप येईल. बदलू द्यावा, हीमेन्झच्या पाटात जे दिसले ते कोणी आधी लिहून ठेवले नव्हते. पण प्रांटल यांनी त्याला पाटाजवळ उभे केले तेव्हा काय मोजायचे आहे हे निश्चित सांगितले होते, आणि त्यामुळेच जे अनपेक्षित ते अनपेक्षित म्हणून ओळखता आले.

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या मुलांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. एकच पत्र नावे बदलून पन्नास प्राध्यापकांना पाठवू नका. ज्याच्याकडे जायचे आहे त्याचे निदान दोन निबंध पूर्ण वाचा, न समजलेली जागा शोधा आणि तिच्याविषयी विचारा. आपण हाताने काय केले आहे ते लिहा, मग ते महाविद्यालयातल्या स्पर्धेसाठी बनवलेले लहानसे विमान असो वा गावातल्या पंपाची केलेली दुरुस्ती असो. तुमचे इंग्रजी साधे असेल तर साधेच लिहा. कोटा हरिनारायण यांनी मुंबईच्या आयआयटीतून पीएचडी केली आणि तेजस विमानाच्या कार्यक्रमाचे नेतृत्व केले. त्या विमानाचे पहिले उड्डाण 4 जानेवारी 2001 रोजी झाले. अशी कामे उभी राहायला वीस-वीस वर्षे लागतात, आणि ती करणारी माणसे कधीतरी कुणाच्या तरी प्रयोगशाळेच्या दाराशी अर्ज घेऊन उभी असतात.

मुंबईच्या आयआयटीत हा विभाग 1964 पासून आहे आणि महाराष्ट्रातली बुद्धिमान मुले मोठ्या संख्येने याच विभागाकडे डोळे लावून असतात. त्या विभागाने आणि देशातल्या त्याच्यासारख्या प्रत्येक विभागाने प्रवेशाचे पुढील निवेदन काढण्यापूर्वी आपल्या प्रत्येक अध्यापकाकडून असा एक-दोन पानांचा मजकूर लिहून घ्यावा, तो अर्जाच्या नमुन्यासोबत प्रसिद्ध करावा, आणि ज्या अध्यापकाने तो लिहून दिला नसेल त्याला त्या वर्षी नवा विद्यार्थी देऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही की नवा निधी लागत नाही. विभागाच्या एका बैठकीतला ठराव पुरेसा आहे.